वाचकांचे प्रश्न : व्हॅन-ट्रक फोर बाय फोर करताना

टू-व्हील ड्राइव्ह व्हॅनला किंवा मध्यम ट्रकला पुढून ड्राइव्ह देण्याबद्दल, म्हणजे चारही चाके इंजिनच्या जोरावर फिरवण्याबद्दल (फोर बाय फोर), आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रे अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातून आली आहेत, कारण असे काम तिकडे रीतसर करता येते. आपल्याकडचे उत्तर वेगळे आहे, तेही खाली आहेच.

माझी फोर्ड ई-३५० व्हॅन २००३ ची आहे, ७.३ लिटर डिझेल. आतून कॅम्पर केली आहे, मागे ४.१० चा डिफरन्शियल (एक्सलमधला, चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा) आहे. हिवाळ्यात डोंगरात जायचे आहे. जुन्या गाड्यांच्या यार्डातून कोणत्या गाडीचा पुढचा एक्सल आणू? — एक वाचक, डेन्व्हर

यार्डात जाण्याआधी वहीत तीन आकडे लिहा. कोणता टायर लावणार, मागचे गुणोत्तर किती (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे, तुमचे ४.१०), आणि पाण्याची टाकी, अंथरूण-पांघरूण, माणसे सगळे भरल्यावर पुढच्या चाकांवर किती वजन येते. तिसरा आकडा अंदाजाने लिहू नका. ट्रकच्या काट्यावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळी तोलून घ्या. हे डिझेल इंजिन मुळात जड, त्यात विंच आणि लोखंडी बंपर आला की पुढचा भार झरझर वाढतो. एक्सल ज्या गाडीतून काढणार तिच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पुढच्या एक्सलची मंजूर क्षमता लिहिलेली असते. तुमचे वजन तिच्या आत राहिले पाहिजे.

आता चाकाचे नट मोजा. ई-३५० च्या चाकाला आठ नट असतात आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास साडेसहा इंच, म्हणजे १६५.१ मिलिमीटर. १९९७ पर्यंतच्या फोर्ड एफ-३५० पिकअपलाही हेच माप आहे. १९९९ पासूनच्या सुपर ड्यूटी एफ-२५० आणि एफ-३५० लाही नट आठच, पण वर्तुळ १७० मिलिमीटर. शेजारी शेजारी ठेवले तरी डोळ्यांना फरक कळत नाही. चाक चढवायला गेलात की मात्र स्टडवर अडते, आणि मग ते हातोडीने बसवणारे महाभागही निघतात. भरलेल्या व्हॅनला अ‍ॅडॉप्टर लावून हा फरक भरून काढू नये. एक तर दोन्ही एक्सल एका मापाचे करा किंवा पुढचे हबच बदला.

म्हणून पहिल्यांदा काम करणाऱ्याला १९८६ ते १९९७ च्या एफ-३५० चा डाना ६० एक्सल सोयीचा पडतो. डिफरन्शियल डाव्या बाजूला, पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसणारा, नटांचे वर्तुळ जुळणारे. चाक ज्यावर वळते तो सांधा १९९१ पर्यंतच्याला किंगपिनचा, १९९२ पासूनच्याला बॉल जॉइंटचा. किंगपिनचा जास्त दणकट, पण सुटे भाग महाग आणि लोक त्याची किंमतही अवास्तव सांगतात. त्याच काळातल्या एफ-२५० चा एक्सल स्वस्त दिसला म्हणून उचलू नका. तो दोन तुकड्यांचा, प्रत्येक चाक स्वतंत्र झुलणारा आहे, आणि जड व्हॅनखाली त्याची चाके सरळ राखणे त्रासाचे होते. २००५ नंतरचा सुपर ड्यूटी एक्सल चालीला सर्वांत चांगला, गाडीही कमी जागेत वळते. पण त्याला कॉइल स्प्रिंग, रेडियस आर्म आणि ट्रॅक बार (एक्सल जागेवर धरणारे दांडे) बसवायला चासीवर नवे ब्रॅकेट लागतात, ब्रेक मोठे असल्याने किमान १७ इंची रिम लागते, आणि १७० चा घोळ येतोच.

सगळ्यात जास्त चुका इंजिनच्या तेलाच्या पॅनपाशी होतात. मूळचे आय-बीम (पुढची चाके धरणाऱ्या दोन तुळया) काढले की त्यांच्या जागी एक्सलची आडवी हौसिंग येते, आणि गाडी खड्ड्यात आपटली की डिफरन्शियलचा फुगीर भाग पॅनच्या दिशेने वर चढतो. तपासायची रीत अशी : पाट्यांचा फक्त मुख्य पाटा ठेवा, बाकीचे काढा. डिफरन्शियलच्या माथ्यावर मळलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा ठेवा. एक्सल जॅकने बंप स्टॉपला (एक्सलला वर जाताना अडवणारा रबरी ठोकळा) पूर्ण टेकेपर्यंत उचला. मग फक्त डावे चाक वर आणि उजवे खाली सोडून पुन्हा पाहा, कारण डिफरन्शियल डावीकडे असल्याने ती बाजूच जास्त वर जाते. खाली उतरवून चेपलेली कणीक पट्टीने मोजा. २५ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर बंप स्टॉप लांब करा. इंजिनही रबरी माउंटवर हलत असते, ती जागा याच २५ मध्ये धरली आहे. ही तपासणी ब्रॅकेट कायमचे वेल्ड करण्याआधी, वेल्डच्या नुसत्या ठिपक्यांवर असतानाच करायची.

एवढा उद्योग नको असेल तर पेनसिल्व्हेनियातली क्विगली, ओरेगनमधली क्वाडव्हॅन, नॉर्थ कॅरोलायनातली यू-जॉइंट ऑफरोड अशा कंपन्या ई-सीरिजवर हेच काम करत आल्या आहेत. स्वतः करायचे ठरवले तरी त्यांच्या गाड्यांखाली वाकून ब्रॅकेट कुठे कसे बसवले आहेत ते पाहणे फुकट शिकवणीसारखे आहे.

त्याच व्हॅनला ट्रान्सफर केस कोणती लावावी? एकाने सांगितले, जुनी एनपी २०५ वेगळी टांगून लाव, गिअरबॉक्सला हात लावायला नको.

सांगणाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण अर्धीच गोष्ट सांगितली. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारा डबा) दोन तऱ्हांनी बसते. एक, गिअरबॉक्सच्या शेपटीला थेट बोल्टने. दुसरी, मागे क्रॉसमेंबरवर वेगळी, मधे छोटा शाफ्ट. दुसऱ्या तऱ्हेत गिअरबॉक्स खोलावा लागत नाही हे खरे. मात्र १९७० च्या दशकातल्या फोर्ड पिकअपमधून निघणाऱ्या या वेगळ्या एनपी २०५ चा पुढचा आउटपुट उजवीकडे असतो, आणि तुम्ही घेणार त्या एक्सलचा डिफरन्शियल डावीकडे. पुढचा शाफ्ट इंजिनखालून तिरका नेता येत नाही. हे पैसे देऊन झाल्यावर लक्षात आल्याची पत्रे आमच्याकडे एकापेक्षा जास्त आहेत.

तुमच्या ४आर१०० गिअरबॉक्सला थेट बसणारी केस हवी असेल तर आउटपुट शाफ्ट आणि मागचे हौसिंग दोन्ही फोर बाय फोरचे लागतात. तो शाफ्ट मागून ओढून निघत नाही, अख्खा गिअरबॉक्स पुढून खोलावा लागतो. त्यापेक्षा ७.३ डिझेलच्या फोर बाय फोर एफ-सीरिजचा पूर्ण गिअरबॉक्स, त्यालाच लागलेल्या ट्रान्सफर केससह आणणे शहाणपणाचे. सुपर ड्यूटीतली एनपी २७१ हाताच्या लिव्हरने चालते आणि एनपी २७३ विजेच्या मोटरने. चिखलपाण्यात लिव्हर बरा. वायरिंगचा एक भाग तरी कमी होतो.

लो रेंजचा (कमी वेग, जास्त जोर) फरकही पाहा. एनपी २०५ ची लो १.९६, एनपी २७१ ची २.७२. पहिला गिअर २.७१ आणि डिफरन्शियल ४.१० धरला तर एनपी २०५ मध्ये एकूण गुणोत्तर येते २१.८, एनपी २७१ मध्ये ३०.२. भरलेली व्हॅन दगडांच्या उतारावर पायाने ब्रेक न दाबता इंजिनच्या जोरावर उतरवायची असेल तर हा फरक प्रत्येक वळणावर जाणवतो. एनपी २०५ लोखंडी, गिअरवर चालणारी, तुटता तुटत नाही. पण म्हणून तुमच्या कामाला तीच हवी असे नाही.

तेलाबद्दल एक ओळ : चेनवर चालणाऱ्या एनपी २७१ मध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल जाते, साधारण दोन लिटर. सवयीने ९० नंबरचे गिअर तेल ओतू नका. आतला छोटा पंप थंडीत ते जाड तेल नीट खेचत नाही आणि वरचे बेअरिंग कोरडे पडते.

काम पूर्ण झाले. ताशी ८५-९० किलोमीटरला मागून घूं-घूं आवाज येतो, सीट थरथरते. चाके दोनदा बॅलन्स केली, मागचा शाफ्ट बॅलन्स केला, फरक शून्य. गाडी टू-व्हीलमध्ये असतानाही तेच. मोजमाप कळवतो : ट्रान्सफरचा आउटपुट मागे ३ अंश उतरता, शाफ्ट ९ अंश उतरता, पिनियनचे (डिफरन्शियलमधला, शाफ्टला जोडलेला गिअर) नाक ८ अंश वर. शाफ्टला दोन्हीकडे साधे क्रॉस (कोनात फिरू देणारे सांधे). — एक वाचक, फिनिक्स

मोजमाप पाठवलेत म्हणून उत्तर देता येते आहे. मोघम "व्हायब्रेशन आहे" एवढ्यावर कोणी काही सांगू शकत नाही.

आधी कंप कशाचा ते ओळखू. २४५/७५ आर १६ टायर एका फेऱ्यात सुमारे २.३६ मीटर जातो. ९० च्या वेगाला चाक मिनिटाला साधारण ६३५ फेरे घेते, म्हणजे सेकंदाला साडेदहा. ४.१० ने गुणले की शाफ्टचे फेरे सेकंदाला ४३-४४. टायर किंवा रिमचा दोष असेल तर झटके सेकंदाला दहा-अकरा, स्टेअरिंगवर हात थरथरेल असे. शाफ्टचा तोल गेला असेल तर ४३-४४. क्रॉसच्या कोनाचा दोष असेल तर एका फेऱ्यात दोन झटके, म्हणजे सेकंदाला ८७ च्या आसपास, आणि तो थरथरीपेक्षा घूं-घूं म्हणूनच ऐकू येतो. फोनवर कंप मोजणारे फुकट अ‍ॅप मिळते. फोन सीटच्या पट्टीवर घट्ट बांधून आकडा पाहा. तुमच्या वर्णनावरून तो ८७ च्या जवळ असणार.

कारण तुमच्याच आकड्यांत आहे. साधा क्रॉस कोनात फिरला की पुढचा योक (क्रॉस धरणारा चिमटा) एकसारखा फिरत असला तरी मागचा एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे राहतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर तो हा चढउतार उलट करून मिटवतो. तुमचा पुढचा कोन ९ वजा ३ म्हणजे ६ अंश, मागचा ९ वजा ८ म्हणजे १ अंश. हिशेब कोनांच्या वर्गाने होतो. ३६ मधून १ वजा केला तर ३५ उरतात, म्हणजे जवळजवळ अख्खा सहा अंशांचा दोष तसाच पिनियनपर्यंत पोचतो. शाफ्ट कितीही वेळा बॅलन्स करा, तो या दोषाला औषध नाही.

पिनियन शाफ्टकडे रोखून बसवला आहे. ही मांडणी चुकीची नाही, पण ती डबल कार्डन (दोन क्रॉस एकत्र असलेल्या) जॉइंटच्या शाफ्टसाठीची आहे. म्हणून दोनच वाटा. एक, ट्रान्सफरच्या टोकाला डबल कार्डन असलेला शाफ्ट करून घ्या. मग तुमचे ८ आणि ९ अगदी हवे तसेच आहेत, कारण जोर लागल्यावर पाटे पिळवटून पिनियनचे नाक अंशभर वर उचलले जाते आणि ते सरळ रेषेत येते. दुसरी, पाट्याखाली ५ अंशांची उतरती शिम (पाचर) घालून नाक ३ अंशांवर आणा. दोन्ही कोन सहाच्या जवळ येतील. नाक खाली आले की शाफ्टचाही कोन थोडा बदलतो, म्हणून परत मोजा. शिम पोलादाची घ्या. अ‍ॅल्युमिनियमची चेपते, यू-बोल्ट सैल पडतात, आणि मग मधला बोल्ट तुटून एक्सल सरकतो.

मोजताना गाडी सपाट फरशीवर, चाकांवर उभी आणि रोजच्या सामानाने भरलेली हवी. जॅकवर टांगलेल्या गाडीचे कोन मोजून पाठवू नका. शाफ्टच्या दोन तुकड्यांवरची बाणाची खूणही पाहा. स्लिप योक (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा तुकडा) काढून परत घालताना एक दात जरी इकडचा तिकडे झाला तरी दोन्ही क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि हाच आवाज येतो. बाण नसेल तर खोलण्याआधी रंगाने रेघ मारून ठेवावी. आणि कोन शून्य करण्याच्या मागे लागू नका. क्रॉसला अर्धा-एक अंश तरी लागतोच, नाहीतर त्याच्या बेअरिंगच्या सुया एकाच जागी बसून कपात चर पाडतात.

पाट्यांवर पुढचा एक्सल टाकला. हायवेवर गाडी सरळ जात नाही, सारखी सावरावी लागते. पुढचा शाफ्ट मात्र छान सरळ बसला आहे, त्यासाठी ४ अंशांची शिम घातली होती. — एक वाचक, टेक्सस

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. पिनियन आणि नकल (चाक वळवणारा सांधा) एकाच हौसिंगवर असतात. शिमने पिनियनचे नाक ४ अंश वर केले तेव्हा किंगपिनचा मागचा झुकाव, म्हणजे कॅस्टर, ४ अंशांनी घटला. चांगल्या एक्सलला साडेतीन ते पाच अंश कॅस्टर लागतो. तुमच्याकडे तो शून्याच्या आसपास असेल. सायकलचा हात सोडला तरी ती सरळ जाते त्यात अशा झुकावाचाही वाटा असतो. तो गेला की चाक परत मधे येत नाही.

शिम काढा आणि कॅस्टर परत आणा. मग शाफ्टचा कोन जास्त होतो. तो जास्त कोन सोसणारा डबल कार्डन लावून पाहा. पुढचा शाफ्ट हायवेवर हब (चाक एक्सलला जोडणारे) मोकळे ठेवून फिरतच नसेल तर थोडा वाईट कोन चालतो, कारण फोर-व्हील फक्त कमी वेगात लागते. हे जमले नाही तर खरा उपाय एकच : दोन्ही टोकांचे नकल धरणारे सी (इंग्रजी C च्या आकाराचे तुकडे) हौसिंगवरून कापून, फिरवून, परत वेल्ड करणे. म्हणजे पिनियन वर आणि कॅस्टर जागेवर, दोन्ही एकदम मिळते. हे घरच्या अंगणात करायचे काम नव्हे. हौसिंगची नळी तापून वाकली तर एक्सल शाफ्टची सीलं महिन्याभरात गळू लागतात.

टो-इन (पुढची चाके समोरून किंचित आत वळलेली असणे) दीड ते तीन मिलिमीटर ठेवा. स्टेअरिंग भटकणे आणि एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाके थयथय नाचणे, हे दोन वेगळे आजार आहेत. नाचणाऱ्या चाकांत आधी ट्रॅक बारचे बुश, मग टाय रॉडची टोके, मग किंगपिन बघतात. नुसता जाड स्टेअरिंग डँपर लावला तर आजार झाकला जातो, आणि डँपर थकला की परत येतो.

स्पिती-लडाखच्या सहलींसाठी माझ्या टेम्पो ट्रॅव्हलरला पुढून ड्राइव्ह द्यायचा विचार आहे. गॅरेजवाला तयार आहे. पासिंगला अडचण येईल का? — एक वाचक, सातारा

येईल, आणि आमचे मत स्पष्ट आहे : करू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की आरसीवरची माहिती उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. एक्सल, ट्रान्सफर केस आणि शाफ्ट मिळून गाडीचे रिकामे वजनच दीड-दोनशे किलोने वाढेल, ते फिटनेसच्या वेळी लपणार नाही. कंपनीला नवे मॉडेल रस्त्यावर आणताना एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचण्या करून मंजुरी घ्यावी लागते. एका गाडीपुरती ती वाट तुम्हाला खुली नाही. आणि प्रवासी घेऊन जाताना अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच शोधेल. गॅरेजवाल्याची तयारी तेव्हा कामाला येणार नाही.

ट्रॅव्हलर मागून चालते आणि मागे जोडचाके आहेत. भरलेली असली की मागच्या चाकांना पकड बरी मिळते, फसते ती बहुधा रिकामी. चांगल्या खाचांचे टायर, बाहेरच्या चाकांना बर्फाच्या साखळ्या, एक मजबूत पट्टा, दोन फावडी एवढ्यावर बरेच भागते. रेतीत टायरची हवा कमी करण्याचा सल्ला मात्र जोडचाकांना सरसकट लागू करू नका. हवा उतरली की दोन टायरांच्या भिंती एकमेकींना घासतात आणि तापून फाटतात. खरोखरच पुढून ड्राइव्ह हवा असेल तर कारखान्यातूनच तसे येणारे वाहन घ्या. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक आहेत. माणसे कमी बसतील, पण कागद स्वच्छ राहतील.

आमच्याकडे झाडे कापायच्या कामाचा फोर्ड एफ-६५० आहे. चिखलात अडकतो. पिकअपचा मोठा एक्सल पुढे टाकता येईल का? — एक वाचक, न्यू जर्सी

नाही. पिकअपचा एक्सल या ट्रकचा पुढचा भार कायमचा सोसणार नाही, ब्रेकही पुरणार नाहीत. मध्यम ट्रकसाठी खास पुढचे ड्राइव्ह एक्सल आणि ट्रान्सफर केस बनवणाऱ्या कंपन्या आहेत. केंटकीतल्या लुइव्हिलची मार्मन-हेरिंग्टन त्यातली जुनी. १९३१ मध्ये इंडियानापोलिसला सुरू झाली आणि १९३५ पासून फोर्ड ट्रकांना पुढून ड्राइव्ह देऊ लागली. मिनियापोलिसची नॅपको पन्नासच्या दशकात शेव्हरले आणि जीएमसीच्या ट्रकांना असेच संच पुरवत असे. शेव्हरलेने १९५७ पासून ते कारखान्यातूनच बसवून विकले. म्हणजे कल्पना नवी नाही, चुकांच्या वाटाही सगळ्या मळलेल्या आहेत.

तुमच्या कामात तीन ठिकाणी जपा. पहिले, चासी. जड ट्रकच्या चासीचे पोलाद बहुधा उष्णतेने कडक केलेले असते. वेल्डिंग केले की तेवढ्या जागी ते मऊ पडते आणि तिथूनच तडकते. ब्रॅकेट फक्त उभ्या पट्टीत भोके पाडून बोल्टने लावायचे. वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला ड्रिल लावायचे नाही. दुसरे, वळण. ड्राइव्ह असलेल्या पुढच्या एक्सलला नकलमधला क्रॉस साधारण ३० ते ३५ अंशांपलीकडे वळू देत नाही. आज जो ट्रक एका दमात गल्लीत वळतो त्याला उद्या मागे-पुढे करावे लागेल. ३५ अंशांवर साधा क्रॉस एका फेऱ्यात चाकाचा वेग ०.८२ पट ते १.२२ पट असा खालीवर करतो. फोर-व्हील लावून पूर्ण वळवताना स्टेअरिंग हातात धडधडते ते यामुळे. तो बिघाड नव्हे. तिसरे, उंची. कॅब वर चढते, झाडाच्या फांद्या उचलणारी क्रेन वर असेल तर गुरुत्वमध्यही चढतो. उतारावर क्रेन चालवण्याचे जुने अंदाज मोडीत काढा.

खर्च मांडून झाल्यावर इंटरनॅशनल ७४०० सारखा मुळातच फोर बाय फोर केलेला जुना ट्रक शोधून किमती शेजारी ठेवा. बऱ्याचदा जुना फोर बाय फोर स्वस्त पडतो.

इसुझूचा एनपीआर ट्रक आहे. त्यांच्याच एनपीएस ट्रकचा पुढचा एक्सल टाकून, मागची जोडचाके काढून एकेरी रुंद चाके लावायची आहेत. — एक वाचक, पर्थ

एनपीआर विकून कारखान्याचा एनपीएस घ्या, त्याला फोर बाय फोर आणि लो रेंज आधीच आहे. साडेचार टनांवरच्या गाडीला ऑस्ट्रेलियात बदलासाठी व्हीएसबी ६ (गाड्यांतल्या बदलांची तिथली नियमावली) चे नियम आणि मान्यताप्राप्त माणसाची सही लागते. साडेचार टन आणि खालच्यांना व्हीएसबी १४. एकेरी चाकांची कल्पना मात्र चांगली आहे. रेतीत मागची जोडचाके पुढच्या चाकांनी दाबलेल्या चाकोरीत बसत नाहीत, प्रत्येक चाक नवी रेती फोडत जाते. दोन टायरांमध्ये दगड अडकून भिंत फाटते ते वेगळेच. रिम आणि टायर मागच्या पूर्ण भाराला एकेकट्याने पुरणारे हवेत, आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या रेघा एकावर एक आल्या पाहिजेत.

मागे ४.१०, मिळालेल्या पुढच्या एक्सलला ४.११ लिहिले आहे. चालेल का? आणि ३.७३ चा स्वस्त मिळतोय.

४.१० म्हणजे ४१ दात भागिले १०, ४.११ म्हणजे ३७ भागिले ९. फरक पाव टक्क्याच्या आसपास, टायरच्या झिजेत विरून जाईल एवढा. खुशाल लावा. ३.७३ आणि ४.१० मध्ये जवळजवळ दहा टक्के फरक आहे. चिखलातसुद्धा एक एक्सल दुसऱ्याला ओढत राहील. स्वस्त आहे तरी नको. टायर साडेतीस इंचाचे ३३ इंचाचे करणार असाल तर स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०८ ला असेल. मूळची ओढ परत हवी तर ४.४४ लागेल. मिळणाऱ्यात जवळचे ४.५६ आहे. म्हणूनच टायर आधी ठरवायचा, गिअर नंतर.

फोर-व्हीलमध्ये डांबरी रस्त्यावर आलो, आता लिव्हर निघतच नाही.

जबरदस्ती करू नका, लिव्हर वाकेल. १३८ इंची व्हीलबेसच्या व्हॅनने मागच्या एक्सलने दहा मीटर त्रिज्येचा काटकोनी वळसा घेतला तर मागचा एक्सल १५.७ मीटर चालतो आणि पुढचा १६.६. हे ९४ सेंटिमीटर कुठेतरी जायला हवेत. मातीत चाक घसरून जातात. डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून पुढच्या शाफ्टला दीडपेक्षा जास्त फेऱ्यांचा पीळ बसू पाहतो, आणि त्या पिळाने लिव्हरचे दात एकमेकांत घट्ट आवळले जातात. गाडी सरळ रेषेत सात-आठ मीटर मागे घ्या, किंवा एका बाजूची चाके रस्त्याकडेच्या मातीवर उतरवून थोडी चालवा. खटका आपोआप ऐकू येईल. नाहीच निघाला तर पुढचे एक चाक जॅकवर उचला. पीळ सुटताना ते झटक्याने फिरते, हात आणि पाय लांब ठेवा.

काम पूर्ण झाल्यावर पहिल्या फेरीआधी काय पाहावे?

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवून पुढचा एक्सल पूर्ण लोंबू द्या आणि स्टेअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. ब्रेकचे होज कुठे ताणले जातात, एबीएसची वायर कुठे चिमटते ते तेव्हाच दिसते. पुढच्या शाफ्टचा स्लिप याच अवस्थेत किती आत उरतो ते मोजा. पूर्ण दाबलेल्या अवस्थेत तो तळाला टेकत नाही ना, तेही. यू-बोल्ट नेहमी नवे, कारण एकदा ताणलेले परत तसा ताण धरत नाहीत. ते दीडशे किलोमीटरनंतर आणि मग आठशेनंतर टॉर्क रेंचने पुन्हा आवळायचे. डिफरन्शियलचे गिअर नवे असतील तर आठशेला तेल बदला. चुंबकाला पिठासारखी राखाडी भुकटी लागलेली असणे नेहमीचे. पण नखाला टोचेल असा तुकडा दिसला तर गाडी तिथेच उभी ठेवून कव्हर उघडा.